तिसऱ्या रांगेचे अर्थशास्त्र

सणासुदीच्या दिवसांत मध्यमवर्गीय मराठी घरात सोन्याच्या भावाची चर्चा व्हावयाची, हा जुना रिवाज. २०२५ सालच्या दसरा-दिवाळीत या चर्चेत मोटारगाडीने सोन्याच्या बरोबरीचे स्थान पटकावले. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराची नवी रचना अमलात आली आणि मोठ्या गाड्यांवर कर व भरपाई उपकर मिळून अठ्ठेचाळीस ते पन्नास टक्क्यांच्या घरात जाणारा भार चाळीस टक्क्यांवर आला. गाडीच्या किमतीत त्यामुळे दीड लाखापर्यंत झालेली घट कोणाच्याही डोळ्यांत भरावी अशी होती. बँकांच्या शाखांत, महाविद्यालयांच्या अध्यापक-कक्षांत आणि गृहनिर्माण सोसायट्यांच्या आवारात त्यानंतरचे काही आठवडे एकच प्रश्न घोळत राहिला : टाटांची सफारी घ्यावी, की महिंद्रची एक्सयूव्ही ७००?

प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक आहे. ज्याला परवडेल त्याने आपल्या आवडीची गाडी घ्यावी, त्यावर वृत्तपत्राने जागा का खर्ची घालावी, असे कोणी म्हणेल. परंतु घराच्या खालोखाल जी वस्तू मध्यमवर्गीय कुटुंब आयुष्यात सर्वांत जास्त पैसे मोजून घेते, ती कोणत्या रीतीने निवडली जाते, हा प्रश्न क्षुल्लक म्हणता येणार नाही. शिवाय या दोन गाड्यांशी महाराष्ट्राचे नातेही आहे. सफारी पिंपरी-चिंचवडच्या परिसरात तयार होते, एक्सयूव्ही ७०० चाकणला. दोन्ही कारखान्यांमधले अंतर थोड्या किलोमीटरांचे आहे, आणि दोन्हीकडे काम करणारा कामगार बहुधा एकाच मोशी-भोसरीच्या बाजारात भाजी घेतो.

चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी असा प्रश्न पडण्याची सोयच नव्हती. कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्याची अँबॅसिडर आणि मुंबईत कुर्ल्याला होणारी फियाट, म्हणजेच नंतरची प्रीमिअर पद्मिनी, या दोहोंपैकी एकीसाठी पैसे भरून वर्षानुवर्षे वाट पाहणे एवढेच ग्राहकाच्या हाती होते. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली तेव्हा ती कोंडी प्रथम फुटली. तेव्हाचा ग्राहक निवडीअभावी हतबल होता. आजचा ग्राहक निवडीच्या अतिरेकाने गोंधळलेला आहे; आणि गंमत अशी की, सफारीतील दोन लिटरचे डिझेल इंजिन मुळात त्या फियाटच्याच घराण्यातले आहे.

तुलना कशी केली जाते ते पाहण्यासारखे आहे. घरातील कर्ता पुरुष (तो बहुधा पुरुषच असतो) एका वहीचे पान उभे दुमडून दोन रकाने पाडतो. लांबी : सफारी ४,६६८ मिलिमीटर, एक्सयूव्ही ७०० ४,६९५. रुंदी : १,९२२ आणि १,८९०. पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर : २,७४१ आणि २,७५०. म्हणजे लांबीत २७ मिलिमीटर, रुंदीत ३२ आणि चाकांच्या अंतरात अवघ्या ९ मिलिमीटरांचा फरक! दोन बोटे आडवी धरली तर या फरकांपैकी प्रत्येक फरक त्यांखाली झाकला जावा. सात आसने दोहोंत. सहा आसनांची सोयही दोहोंत. छताला काच दोहोंत, समोर मोठा पडदा दोहोंत, आणि समोरच्या वाहनाशी टक्कर टाळण्यासाठी आपणहून ब्रेक लावणारी यंत्रणाही दोहोंच्या वरच्या प्रकारांत.

हे साम्य योगायोगाचे नाही. हॅरॉल्ड होटेलिंग या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९२९ साली लिहिलेल्या एका निबंधात याचे विवेचन केले आहे. ते आपल्याकडच्या दृष्टांताने सांगावयाचे तर असे : चौपाटीवर दोन भेळवाले आहेत, आणि गिऱ्हाईक किनाऱ्यावर सर्वत्र सारखे पसरले आहे. समाजाच्या सोयीच्या दृष्टीने एकाने उत्तरेच्या पाव टप्प्यावर आणि दुसऱ्याने दक्षिणेच्या पाव टप्प्यावर उभे राहावे हे उत्तम. प्रत्यक्षात दोघेही एकमेकांचे गिऱ्हाईक ओढण्यासाठी मध्याकडे सरकत जातात आणि अखेर पाठीला पाठ लावून उभे राहतात. सफारी आणि एक्सयूव्ही ७०० या अशाच पाठीला पाठ लावून उभ्या आहेत. मग जे नऊ मिलिमीटर उरतात, त्यांच्यासाठी घरात तीन-तीन आठवडे वाद होतात. किनाऱ्याच्या दोन टोकांना काय आहे, आणि आपल्याला मुळात भेळच हवी आहे काय, हा प्रश्न मात्र वहीत लिहिला जात नाही.

जे खरोखरच वेगळे आहे तेथे तुलना चुकीच्या मापाने होते, हे आणखी विशेष. सुरक्षिततेच्या तारकांचेच उदाहरण घ्यावे. दोन्ही गाड्यांना प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणासाठी ग्लोबल एनकॅप या संस्थेने पाच तारका दिल्या. तेव्हा ग्राहक दोन्ही रकान्यांत पाच लिहितो आणि पुढे सरकतो. पण एक्सयूव्ही ७०० ची चाचणी २०२१ साली झाली, सफारीची २०२३ साली. मधल्या काळात, २०२२ मध्ये, चाचणीचे निकष कडक झाले. बाजूने बसणाऱ्या धक्क्याचा आणि इतर काही बाबींचा विचार गुणांकनात आला. एक्सयूव्ही ७०० चे प्रौढांसाठीचे गुण १७ पैकी १६.०३ होते, सफारीचे ३४ पैकी ३३.०५. छेदच निराळा! १९६० पायाभूत वर्ष धरलेला किंमत निर्देशांक आणि १९८२ पायाभूत वर्ष धरलेला निर्देशांक शेजारीशेजारी मांडून महागाई मोजणाऱ्या विद्यार्थ्याला कोणताही परीक्षक नापास करील. मुलांच्या संरक्षणात मात्र फरक तारकांतही उतरला : सफारीला पाच, एक्सयूव्ही ७०० ला चार. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारताची स्वतःची चाचणी-व्यवस्था, भारत एनकॅप, सुरू झाली, आणि तीत पहिल्यांदा उतरलेल्या गाड्यांत सफारी होती. तेथेही तिला दोन्ही विभागांत पाच तारका मिळाल्या. याचा अर्थ दुसरी गाडी असुरक्षित आहे असा मुळीच नाही. २०२१ च्या परीक्षेत तिने जे करावयाचे ते उत्तम केले. परीक्षा निराळी होती एवढेच.

आणि या सगळ्या तारका पट्टा बांधलेल्या पुतळ्यांच्या आहेत, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. ते मागच्या आसनावर होते आणि पट्टा बांधलेला नव्हता, असे तपासात आढळले. ज्या देशात सात आसनांच्या गाडीत नऊ जण बसविणे हा घरगुती जिव्हाळ्याचा भाग समजला जातो, तेथे पाच तारकांची जाहिरात वाचून निर्धास्त होण्यात अर्थ नाही.

दुसरा लाडका रकाना 'ॲव्हरेज'चा. गाडी लिटरला किती चालते, या प्रश्नावर एरवी मितभाषी असलेली माणसेही आवेशाने बोलू लागतात. यावर थोडा हिशेब करून पाहावा. एखादे कुटुंब वर्षाला १२,००० किलोमीटर गाडी चालविते असे धरू. डिझेल लिटरला नव्वद रुपये. एक गाडी लिटरला बारा किलोमीटर देते, दुसरी तेरा. पहिलीला वर्षाला १,००० लिटर लागेल, दुसरीला सुमारे ९२३. फरक ७७ लिटरांचा, म्हणजे वर्षाकाठी सात हजार रुपयांच्या आत. महिन्याला सहाशेही नाहीत! वीस लाखांच्या वस्तूची निवड ज्या मुद्द्यावर पालटते त्या मुद्द्याची ही किंमत आहे.

याउलट जो खर्च सर्वांत मोठा, तो कोणत्याच रकान्यात नसतो. तो घसाऱ्याचा. विमा कंपन्यांच्या प्रचलित कोष्टकानुसार गाडीचे मूल्य पहिल्या सहा महिन्यांनंतरच पंधरा टक्क्यांनी कमी धरले जाते आणि पाचव्या वर्षाच्या अखेरीपर्यंत निम्म्यावर येते. वीस लाखांची गाडी पाच वर्षांत दहा लाखांची होते, म्हणजे वर्षाला सरासरी दोन लाख. गाडी फाटकाबाहेर काढली नाही तरी हा खर्च चालूच राहतो. प्रत्यक्ष बाजारात यापेक्षा थोडे बरे किंवा वाईट मिळेल. पण गाडी ही मालमत्ता आहे, हा समज या कोष्टकापुढे टिकत नाही. त्यात कंपन्या आपली पिढी भराभर बदलतात. २०२५ च्या दिवाळीत ज्यांनी एक्सयूव्ही ७०० दारात उभी करून तिच्यापुढे नारळ फोडला, त्यांना जानेवारी २०२६ मध्ये तिचीच सुधारित आवृत्ती एक्सयूव्ही ७एक्सओ या नव्या नावाने आलेली पाहावी लागली. सफारीलाही त्याच सुमारास पेट्रोलचे इंजिन मिळाले, आणि डिझेलशिवाय पर्याय नाही म्हणून ज्यांनी डिझेल घेतले होते त्यांच्या हाती केवळ हळहळ उरली. गाडी तीच, रस्ता तोच. फक्त ती तीन महिन्यांत 'जुनी' झाली.

किमतीची गोष्टही अशीच. २०२५ च्या करकपातीनंतर दोन्ही गाड्यांची शोरूममधली किंमत तेरा-चौदा लाखांपासून सुरू होत होती आणि पंचवीस लाखांच्या आसपास पोचत होती. मधल्या जागेत प्रकारांची एक उंच शिडी उभी असते. पंधरा लाखांचा संकल्प करून आत गेलेल्या गृहस्थाला नम्र विक्रेता सांगतो की, आणखी अवघे साठ हजार दिले तर छताची काच मिळेल. त्यावर ऐंशी हजार दिले तर थंड हवेची आसने. त्यावर एक लाख, आणि गाडी स्वतःहून ब्रेक लावील. प्रत्येक पायरीवर विचारला जाणारा प्रश्न सीमान्त स्वरूपाचा असतो, आणि सीमान्त प्रश्नाचे उत्तर प्रत्येक वेळी 'एवढ्यासाठी कशाला मागे राहायचे' असेच येते. पायऱ्या संपल्यावर तो गृहस्थ वीस लाखांच्या मजल्यावर उभा असतो. अर्थशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात सीमान्त उपयोगितेचा धडा असतो. सीमान्ताच्या मोहाचा धडा अजून कोणी लिहिलेला नाही.

या वीस लाखांचे पुढे काय होते तेही पाहावे. त्यात चाळीस टक्क्यांच्या दराने वस्तू व सेवा कर आधीच मिसळलेला आहे. तो वेगळा काढला तर सुमारे ५ लाख ७१ हजार रुपये होतात. महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांपर्यंतच्या डिझेल गाडीवर चौदा टक्के मोटार वाहन कर पडतो, म्हणजे आणखी २ लाख ८० हजार. विमा आणि किरकोळ आकार धरून गाडी पावणेचोवीस लाखांच्या आसपास रस्त्यावर येते, आणि त्यातले साडेआठ लाख सरकारचे असतात. स्वस्त झालेल्या गाडीची ही स्थिती आहे! यातले सोळा लाख बँकेकडून नऊ टक्के दराने सात वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे २५,७०० रुपयांचा बसतो आणि मुदतीअखेर व्याजाचेच ५ लाख ६० हजारांवर रुपये दिलेले असतात. व्याजाचे दर शेकड्यात एक इकडे-तिकडे होतील; चित्र बदलणार नाही.

हे सारे कशासाठी? विचारले तर बहुतेक कुटुंबांकडून एकच उत्तर मिळते, आणि ते मोठे हृद्य आहे : सगळ्यांना एकत्र जाता यावे म्हणून. आई-वडील, दोन मुले, क्वचित बहीण आणि भाचरे. विभक्त कुटुंबाच्या दोन खोल्यांत एकत्र कुटुंबाची जी हुरहूर शिल्लक आहे, तिला गाडीची तिसरी रांग हा आधार वाटतो. सात आसने म्हणजे जणू लोखंडात ओतलेले एक आश्वासनच असते.

या आश्वासनाचा अनादर करण्याचे कारण नाही. पण ते वर्षातून किती दिवस पाळले जाते, एवढे विचारावयास हवे. कोथरूडला राहणाऱ्या आणि मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यात असणाऱ्या एखाद्या नोकरदार कुटुंबाची कल्पना करावी. गणपतीला तीन दिवस गावी, दिवाळीत दोन दिवस सासुरवाडीला, मे महिन्यात एक सहल, आणि एखादे लग्न. फार तर आठ दिवस. उरलेले तीनशे सत्तावन्न दिवस ती सात आसनांची, पावणेदोन टनांहून जड गाडी एका माणसाला आणि त्याच्या जेवणाच्या डब्याला घेऊन कर्वे रस्त्याने हिंजवडीकडे जाते आणि येते.

महाराष्ट्राच्या एस. टी. महामंडळापुढे हाच प्रश्न दर भाद्रपदात उभा राहतो. गणेशोत्सवात कोकणात जाणाऱ्यांची गर्दी एवढी असते की नेहमीच्या गाड्यांनी ती वाहून नेणे अशक्य. मग महामंडळ काय करते? राज्यभरच्या आगारांतून गाड्या आणून ते त्या काही दिवसांपुरत्या 'जादा गाड्या' सोडते, आणि उत्सव आटोपला की त्या आपापल्या आगारांत परत जातात. केवळ गणपतीसाठी वर्षभर शेकडो गाड्या मुंबई-सावंतवाडी मार्गावर रिकाम्या धावाव्यात, असे कोणी सुचविले तर विधिमंडळात केवढा गदारोळ होईल! मध्यमवर्गीय कुटुंब मात्र नेमके हेच करते. ते स्वतःसाठी एक जादा गाडी विकत घेते आणि ती बाराही महिने धावत ठेवते.

पर्याय काय, याचा हिशेब अवघड नाही. पाच आसनांची, चार मीटरच्या आतली गाडी दहा लाखांत मिळू शकते. लहान इंजिन असल्यास तिच्यावर कर अठराच टक्के आहे. कर-विमा धरून तिच्यात आणि मोठ्या गाडीत बारा लाखांचे अंतर पडते. बारा लाख साडेसहा टक्क्यांनी मुदत ठेवीत राहिले तर वर्षाला ७८,००० रुपये व्याज येते. वर्षातले ते आठ दिवस चालकासह सात आसनांची गाडी भाड्याने घेतली, दिवसाला किमान तीनशे किलोमीटर आणि किलोमीटरला वीस रुपये असा दर धरला, वर चालकाचा पाचशे रुपये भत्ता दिला, तर दिवसाचे ६,५०० आणि आठ दिवसांचे ५२,००० होतात. म्हणजे एकट्या व्याजात ही आठ दिवसांची चैन भागून २६,००० उरतात; आणि लहान गाडीचा घसारा मोठीपेक्षा वर्षाला लाखभराने कमी असतो, तो वेगळाच. ज्याने मोठ्या गाडीसाठी नऊ टक्क्यांनी कर्ज काढले आहे, त्याची तूट तर याहूनही अधिक.

यावर आक्षेप येतील, आणि त्यांतले काही योग्य आहेत. गणपतीच्या आदल्या दिवशी भाड्याची गाडी मिळत नाही, मिळाली तर दुप्पट दराने मिळते, हा पहिला. तो खरा आहे. दुप्पट दर धरला तर वरचे व्याज अपुरे पडेल, पण घसाऱ्यातली बचत त्याची भरपाई करून उरेल. अडीअडचणीला रात्री-अपरात्री दवाखान्यात जावे लागते, हा दुसरा आक्षेप भावनेचा आहे. दवाखान्यात पाच आसनांची गाडीही तेवढ्याच वेळात पोचते. रस्त्यांवरचे खड्डे हा तिसरा, आणि यात जे वजन आहे ते नाकारता येत नाही. रस्ता नीट ठेवण्याचे काम ज्यांचे, ते ते करीत नाहीत म्हणून नागरिकाने उंच गाडी विकत घ्यावयाची, आणि ती उंच आहे म्हणून शासनाने तिच्यावर चैनीच्या वस्तूचा कर बसवावयाचा, हा व्यवहार न्यायाचा म्हणता येणार नाही. प्रतिष्ठेचा चौथा मुद्दा कोणी बोलून दाखवीत नाही; त्यामुळे त्याचे उत्तरही देण्याचे कारण नाही.

एक आक्षेप मात्र कोणीच घेत नाही, कारण तो शेजाऱ्याचा आहे. जुन्या पुण्यात, ठाण्यात किंवा नाशिकमध्ये तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या सोसायट्यांचे खांब फियाटच्या मापाने घातलेले आहेत. तेथे १,९२२ मिलिमीटर रुंदीची गाडी लागली की शेजारच्याला दार उघडण्यापुरतीही जागा राहत नाही, आणि ती आत मावली नाही की गल्लीत उभी राहते. गल्लीतल्या त्या जागेचे भाडे कोणी देत नाही. ते पायी चालणारा देतो. गाडी ठेवण्यास जागा असल्याचा दाखला दिल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी होऊ नये, असे सूतोवाच राज्याच्या परिवहनमंत्र्यांनी २०२५ साली केले तेव्हा त्याला केवढा विरोध झाला! वीस लाखांच्या खरेदीत जागेचा हिशेब धरण्याची कोणाचीच तयारी नाही, हे त्यातून दिसले.

अर्थात ज्यांना तिसरी रांग खरोखर लागते अशीही घरे आहेत. सहा-सात माणसे रोज एका छपराखाली राहणारी, आठवड्यातून दोनदा बारामतीहून पुण्याला किंवा कराडहून कोल्हापूरला जाणारी, वृद्धांना नियमित उपचारासाठी नेणारी. त्यांच्या बाबतीत वरचा सगळा हिशेब उलटतो. आसने भरलेली असतील तर माणशी खर्चात ही गाडी दोन लहान गाड्यांपेक्षा निश्चितच स्वस्त पडते. मग दोहोंतली कोणती? येथे मिलिमीटर बाजूला ठेवून दोनच गोष्टी पाहाव्यात. सफारीच्या डिझेल इंजिनाची ताकद १७० अश्वशक्ती आणि टॉर्क ३५० न्यूटन-मीटर; एक्सयूव्ही ७०० च्या डिझेलची १८५ अश्वशक्ती आणि टॉर्क ४२०, स्वयंचलित गिअरच्या प्रकारात ४५०. एकटा माणूस सपाट रस्त्यावर असेल तेव्हा हा फरक कळतही नाही. सात माणसे आणि त्यांचे सामान घेऊन कुंभार्ली घाट चढताना, पुढच्या ट्रकला ओलांडावयाचे की त्याच्या धुरात रांगत राहावयाचे, हे त्यावर ठरते. ज्यांचा प्रवास भरल्या गाडीने आणि घाटाचा, त्यांच्यासाठी महिंद्रची बाजू बळकट आहे. घरात लहान मुले असतील आणि वाहन सावकाश चालविण्याचीच रीत असेल, तर मुलांच्या संरक्षणातले सफारीचे गुण अधिक महत्त्वाचे मानावेत. चारही चाकांना शक्ती देणारा महिंद्रचा प्रकार ज्याच्या शेताकडे जाणारी वाट पावसाळ्यात चिखलाची होते त्याने घ्यावा. सोसायटीच्या सिमेंटच्या उतारासाठी तो घेऊ नये.

डिकीचा प्रश्न मात्र दोहोंत सारखाच अडचणीचा आहे. तिसरी रांग उभी असताना सफारीच्या डिकीत अवघी ७३ लिटर जागा उरते. सात जणांना बसता येते, पण सात जणांचे कपडे, आजीचे औषधांचे खोके आणि परतताना गावाहून येणारे नारळ-तांदूळ यांना छपरावर कॅरिअर लावूनच जागा मिळते. महिंद्रच्या गाडीतही फार निराळे घडत नाही. सगळ्यांना एकत्र नेण्यासाठी घेतलेली गाडी सगळ्यांच्या सामानासह निघाली की कोणीतरी एस. टी.ने मागून येतो, हे अनेक घरांत घडलेले आहे.

राहता राहिला तिसऱ्या रांगेतल्या माणसाचा प्रश्न. ती रांग कोणाच्या वाट्याला येते? कर्ता पुरुष गाडी चालवितो; त्याच्या शेजारी वडील; मधल्या रांगेत आई आणि पाहुणे. मागे जातात ती मुले, आणि त्यांना सांभाळण्यासाठी घरची सून. गुडघे छातीशी, खिडकी अरुंद, वळणावळणाला पोटात ढवळणारे. पावणेचोवीस लाखांच्या निर्णयात ज्यांचे मत घेतलेले नसते, नेमकी तीच माणसे त्या निर्णयाच्या सर्वांत गैरसोयीच्या जागी आठ तास बसतात. शोरूममधून 'टेस्ट ड्राइव्ह'साठी गाडी दिली जाते तेव्हा पुढच्या दोन आसनांवर खरेदीदार आणि विक्रेता असतात, आणि फेरी मोठ्या रस्त्यावर पंधरा मिनिटांत संपते. ज्याला या दोन गाड्यांची खरी तुलना करावयाची आहे त्याने चावी बायकोच्या किंवा विक्रेत्याच्या हाती द्यावी, स्वतः मधले आसन वाकवून तिसऱ्या रांगेत शिरावे, पट्टा बांधावा आणि दिवे घाटाची एक फेरी मागून वही हातात घेऊन करावी. सासवडला उतरल्यावर वहीतले दोन रकाने त्याला पुन्हा लिहावे लागतील.